पठारावरील वनस्पती व विद्यापीठाचे उद्यान
(परिसर-अभ्यासाच्या पाठासाठी टिपण)

पर्वतावरील वनस्पतींचा पाठ निघाला म्हणजे बहुतेक वर्गांत हिमालयाचे चित्र फळ्याशेजारी टांगले जाते, देवदाराचे नाव सांगितले जाते आणि पाठ संपतो. उत्तन-डोंगरीच्या किंवा चेण्याच्या मुलाला त्यातून फारसे काही मिळत नाही. वास्तविक हा विषय त्याच्या पुष्कळ जवळचा आहे. तो कसा, हे शिक्षकबंधुभगिनींच्या ध्यानात यावे म्हणून हे टिपण लिहिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. ‘अल्पाइन’ हा शब्द आल्प्स पर्वतावरून आला. अतिथंडीमुळे जेथे वृक्ष वाढू शकत नाहीत, त्या उंचीवरील खुज्या वनस्पतींना तो लावतात. हिमालयात ही मर्यादा साधारणपणे साडेतीन हजार मीटरांच्या आसपास येते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे. तेव्हा खऱ्या अर्थाने अल्पाइन वनस्पती आपल्याकडे नाहीत. परंतु वृक्षहीन पठारे आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे वृक्ष नाहीत ते थंडीमुळे नव्हे, तर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम बोटभर थर असल्यामुळे. पावसाळ्यात या थरात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. या दोन टोकांच्या मध्ये जे जगू शकते तेच तेथे राहते. गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, कवला, तेरडा या साऱ्या वनस्पती चार महिन्यांत आपला संसार आटोपून घेतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे.

अशा वनस्पतींना उद्यानात आणून वाढविणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे, आणि विद्यापीठांनी ते पूर्वीपासून केले आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाचे प्राध्यापक आंटोन केर्नर यांनी १८६४ मध्ये उच्चपर्वतीय वनस्पतींच्या लागवडीवर एक ग्रंथच लिहिला. युरोपातील माळ्यांचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. आल्प्सवरून आणलेली रोपे सखल भागातील बागेत मरत, ती थंडीने नव्हे, ओलाव्याने. पर्वतावर हिवाळाभर बर्फाच्या पांघरुणाखाली ती कोरडी व निवांत असतात. बागेत मात्र हिवाळी पावसाने त्यांची मुळे कुजतात. म्हणून त्यांना खडीमिश्रित, झटकन निचरा होणारी जागा द्यावी लागते. इन्सब्रुक विद्यापीठाने पुढे १९३० मध्ये पर्वतावरच, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, या वनस्पतींचे स्वतंत्र उद्यान केले.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली. तेथील वनस्पती उद्यानात सह्याद्रीतील दुर्मिळ व प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा संग्रह आहे. त्यातील विशेष संग्रह कंदीलपुष्पाच्या जातींचा. हमण, खरपुडी या नावांनीही ही झाडे ओळखली जातात. प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गणावर दीर्घकाळ काम केले असून मालवण परिसरातील एका नव्या जातीची नोंद त्यांनी २००६ मध्ये केली. सह्याद्रीतील काही जाती एखाद्या कड्यावर किंवा एखाद्या पठारावरच आढळतात. तेवढी जागा गेली की जात गेली.

कंदीलपुष्पाचा कंद जमिनीत असतो. पावसाळ्यात वेल किंवा खोड वर येते, फुले येतात आणि हिवाळा सरेपर्यंत वरचा भाग वाळून जातो. उन्हाळ्यात कुंडी रिकामी दिसते. नवखा माणूस तिला पाणी घालतो आणि कंद कुजतो. युरोपातील माळ्याचा हिवाळा तो आपला उन्हाळा. दोन्ही ठिकाणी झाड मरते ते काळजीने. विसाव्याचे महिने विसावू देणे हे उद्यानकाराला शिकावे लागते.

फुलाची रचना याहून चमत्कारिक आहे. कंदिलासारख्या नळीत बारीक माशा शिरतात. आतील केस खाली वळलेले असल्याने त्यांना परत फिरता येत नाही. काही काळाने केस मलूल होतात, फूल कलते आणि माशी परागांची पिशवी घेऊन सुटते. म्हणजे झाडाबरोबर त्याची माशीही पाहिजे. ती नसेल तर उद्यानात फूल येईल, पण शेंग धरेलच असे नाही; मग माणसाला हाताने परागण करावे लागते किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपे करावी लागतात. शिंदळ माकुडी या जुन्नर-शिवनेरीकडील मांसल झाडाला कुंडीत वाढविणे त्या मानाने सोपे आहे, तरी कड्यावरील त्याची संख्या कुंड्यांनी भरून निघत नाही. उद्यान हे झाडाचे घर नव्हे, ती त्याची ठेव आहे. ठेव पुन्हा कड्यावर लावता आली तरच तिचा उपयोग.

येथे आपल्या शाळांतील एका प्रथेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. ‘उद्या एक वनस्पती मुळासकट घेऊन या’ असे पन्नास मुलांना सांगितले जाते. तण असेल तर बिघडत नाही. पण मुलाला तण आणि हमण यांतील भेद कळत नाही, आणि कंदाची झाडे त्याला उपटायला विशेष आवडतात, कारण खाली काहीतरी सापडते. हा गृहपाठ बंद करावा. चित्र काढून आणावे, पाने मोजून यावीत, जागेचे वर्णन लिहावे. कासला सहल नेण्याचाही आग्रह धरू नये. तेथे दर दिवशीची प्रवेशसंख्या मर्यादित केलेली आहे ती पायांखाली झाडे जातात म्हणूनच.

पाहण्यासारखे जवळच आहे. भाईंदरच्या मिठागरांच्या बांधांवर जाड, मांसल पानांची झुडपे उगवतात. तेथे पाणी आहे, पण खारट; म्हणून झाडाला गोडे पाणी जपून ठेवावे लागते. कड्यावरील शिंदळ माकुडी उन्हाळ्यासाठी पाणी साठविते ते खोडात. दोन्हींची अडचण निरनिराळी, उपाय सारखा. हा ताळा मुलांकडून काढून घ्यावा, आपण सांगू नये. पावसाळ्यात धारावीच्या किल्ल्याच्या भिंतीवर बोटभर मातीत काय काय उगवते, हाही एक दिवसाचा उत्तम पाठ होईल.

केर्नर यांनी एक प्रयोग केला होता. एकाच जातीचे बी त्यांनी सखल भागात आणि सुमारे २,२०० मीटरांवरील पर्वतावर पेरले. पर्वतावर झाडे खुजी झाली. परंतु त्यांचे बी पुन्हा खाली पेरता ती पूर्ववत वाढली. हा प्रयोग करवंटीत होतो. नाचणीचे बी एका मोठ्या कुंडीत चांगल्या मातीत आणि एका करवंटीत खडी व चिमूटभर मातीत पेरावे. करवंटीला खाली भोक पाडावे, नाही तर पावसात सारे कुजेल. उंची दर आठवड्यास मोजावी. करवंटीतील झाडाला चारच दाणे धरले तरी ते जपून ठेवावेत आणि पुढील पावसाळ्यात चांगल्या मातीत लावावेत. खुजेपण झाडाचे की जागेचे, याचे उत्तर दुसऱ्या वर्षी मिळते. म्हणून हा प्रयोग तिसरीत सुरू करून चौथीत पुरा करावा.

चेणे व घोडबंदरच्या शिक्षकांसाठी आणखी एक काम आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवरील कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरल्यावर मरते. २०१६ मध्ये ती फुलली, २०२४ मध्ये फुलली. या हिशेबाने पुढचा बहर २०३२ च्या सुमारास यावा. तोवर दरवर्षी एका ठरलेल्या जागेवरील कारवीची उंची नोंदवावी. नोंदवही वर्गाची न ठेवता शाळेच्या दप्तरात ठेवावी आणि बदली झाल्यास पदभार देताना इतर दप्तराबरोबर तिचाही उल्लेख यादीत करावा.