चाललो, घाम गाळला, मग तेवढं परत खायचं का?



बंद ऋतू चालू आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट, नावा काठावर आणि जाळी घरात. जाळ्यांची दुरुस्ती, नावेला डांबर लावणं चाललंय, पण रोजचं वल्हवणं आणि जाळं ओढणं बंद. आणि दरवर्षी याच दोन महिन्यांत आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट पुढे येतं.

यंदा काही सभासदांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शुगर काठावर आहे, वजन उतरवा. म्हणून आठ-दहा जण पहाटे राजघाटाकडे चालायला लागले. फार चांगलं केलं. पण गेल्या आठवड्यात एका नाववाल्या भावाने मला मोबाईल दाखवला. म्हणाला, "सचिवसाहेब, बघा, आज तासभर चाललो, चारशे कॅलरी जळाल्या. आता शंभर ग्रॅम मावा जलेबी खाल्ली तर हिशोब बराबर ना?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण मनात म्हटलं, हीच चूक मी स्वतः चार महिने केली आहे. म्हणून आजचा धडा याच हिशोबावर. मी डॉक्टर नाही, बारावी शिकलेला आणि रोज जमा-खर्च लिहिणारा माणूस आहे. जेवढं वाचून, विचारून आणि स्वतः करून समजलं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट : चारशे खरे किती?

आपण झोपलेलो असलो तरी शरीर चालू असतं. हृदय, श्वास, मेंदू, सगळ्यांना जळण लागतं. मोटा हिशोब असा की वजनाच्या दर किलोमागे तासाला एक कॅलरी. म्हणजे ८० किलोचा माणूस नुसता पडून राहिला तरी तासाला ८० कॅलरी जातात.

आता हाच माणूस तासाला पाच किलोमीटरच्या चालीने एक तास चालला तर एकूण साधारण २८० कॅलरी जातात. त्यातल्या ८० तर घरी बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याने जादा गेल्या त्या फक्त २००. मोबाईल दाखवतो ४००.

मोबाईल आणि मनगटावरचं घड्याळ पावलं बऱ्यापैकी मोजतात, कॅलरी मात्र अंदाजाने सांगतात. २०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावर बांधायची सात यंत्रं ६० माणसांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आपल्या मंडीतला तराजू एवढा चुकला असता तर आपण तो तापीत फेकला असता!

दुसरी गोष्ट : शरीर काटकसर करतं

आफ्रिकेत टांझानिया देशात हाडझा नावाचे लोक आहेत. शिकार करतात, कंदमुळं खणतात, दिवसभर पायी हिंडतात. हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला आणि २०१२ साली छापला. सगळ्यांना वाटत होतं की हे लोक शहरी माणसापेक्षा कितीतरी जास्त जाळत असतील. पण शरीराचा आकार जमेला धरून बघितलं तर अमेरिका-युरोपातल्या माणसांइतकाच खर्च निघाला.

म्हणजे मेहनत वाढली की शरीर दुसरीकडे थोडं वाचवतं. २०२१ साली १,७५४ माणसांच्या मोजमापावरून शास्त्रज्ञांनी सांगितलं की जादा हालचालीने जेवढा खर्च व्हायला हवा त्यातला सरासरी २८ टक्के भाग शरीर असं कापून घेतं. आपल्यालाही अनुभव आहे. सकाळी जोरात चालून आलेला माणूस दुपारी जास्त वेळ आडवा होतो, पाण्याचा तांब्यासुद्धा पोराला आणायला सांगतो.

तर भावाच्या ४०० चे झाले २००, आणि २०० चे उरले दीडशेच्या आत. शंभर ग्रॅम मावा जलेबीत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. खात्यात शिल्लक तर नाहीच, वर दोनशेचं कर्ज झालं.

तिसरी गोष्ट : एकच पावती दोनदा

काही पोरांनी मोबाईलमध्ये खाण्याचा हिशोब ठेवायचं ॲप टाकलंय. ते सुरुवातीला विचारतं की तुमचं काम कसं, बैठं, हलकं की मेहनतीचं? तुम्ही "मेहनतीचं" दाबलं की तुमची मेहनत धरूनच ते दिवसाचा आकडा देतं. मग चालून आल्यावर त्याच मेहनतीच्या कॅलरी पुन्हा वरून मिळवायच्या म्हणजे एकच पावती वहीत दोनदा चढवली. ऑडिटवाला पकडतो ना, तसंच वजनकाटा पकडतो.

माझी स्वतःची गोष्ट

वडिलांबरोबर नावेवर जायचो तेव्हा माझं वजन ७० च्या पुढे कधी गेलं नाही. समितीची खुर्ची मिळाली आणि काही वर्षांत ८६ झालं. चालायला लागलो. रोज तासभर, न चुकता. परतताना आमचा ग्रुप एका गाड्यावर थांबायचा, पोहे, थोडी जलेबी, गोड चहा. वाटायचं, चाललोय ना, एवढं तर चालतंच. चार महिन्यांत अर्धा किलोही उतरलं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही चालायला जाता का खायला?"

मग पंधरा दिवस वहीत सगळं लिहिलं. गाड्यावरचं खाणं रोज तीनशे-चारशेचं निघालं, चालणं दोनशेचं. चालणं तसंच ठेवलं, गाडा सोडला, घरी येऊन नेहमीचं जेवण. पुढच्या चार महिन्यांत चार किलो गेले. जादू काही केली नाही, फक्त चालण्याची मजुरी खाण्यात घेणं बंद केलं.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत घराघरात माहीत आहे. दोन वेळा जेवण, मधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. ती सगळ्यांना जमेल असं नाही, पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे, की चालण्याच्या बदल्यात खाण्याची वेगळी पावती नाही. चालणं चालण्याच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी.

बंद ऋतूचा खरा हिशोब

आता आपल्या धंद्याची गोष्ट बघा. सीझनमध्ये आपण वल्हवतो, ओलं जाळं ओढतो, खोकी उचलतो. पोटाला तेवढ्या भाकरींची सवय लागते. १६ जूनला हात थांबतात, ताट थांबत नाही. म्हणजे जी मेहनत केलीच नाही ती आपण परत खातो!

समजा रोज फक्त ३०० कॅलरी जादा गेल्या, दोन भाकरी आणि वरचं तेल एवढ्याच. ६१ दिवसांच्या झाल्या १८,३००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे कागदावर सव्वादोन किलो. प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल. पण दरवर्षी दोन चढले आणि सीझनमध्ये एकच उतरला, तर दहा वर्षांत काय होतं ते आपल्या जुन्या फोटोत बघा.

आणि पव्व्याबद्दलही बोलतो, राग मानू नका. अंगदुखी जाते म्हणून घेतात. एका पव्व्यात चारशेच्या वर कॅलरी असतात, सोबतचं शेव-फरसाण वेगळं. दोन तासांचं चालणं एका पव्व्यात गेलं.

मग परत खायचं कधी?

सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. म्हणून वेगवेगळं सांगतो.

१) तासभरापर्यंत चालणं असेल आणि वजन उतरवायचं असेल, तर परत खाऊ नका. पाणी प्या. भूक लागली तर जेवणाची वेळ थोडी अलीकडे घ्या, पण वेगळा नाश्ता नको.

२) सीझनमध्ये चार-पाच तास नावेवर खरी मेहनत असेल, तर उपाशी जाऊ नका आणि त्या दिवसाचं जेवण तोडू नका. भर पाण्यात चक्कर आली तर जीवाशी खेळ. जाताना खाऊन जा, सोबत भाकरी-चटणी, चणे, केळं ठेवा. वजन कमी करायचं असेल त्यांनी अंदाजाने जादा खर्चाच्या अर्धं परत खावं, सगळं नाही. काटछाट करायची ती सुट्टीच्या दिवशी आणि बंद ऋतूत.

३) शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वरचे दोन्ही नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जास्त चाललं आणि कमी खाल्लं तर शुगर एकदम खाली जाते. हात कापतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस अडखळत बोलतो. लोकांना वाटतं पिऊन आलाय. अशा वेळी कॅलरीचा हिशोब सोडा, लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. शुगरवाल्या प्रत्येकाने नावेवर साखरेची पुडी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावी.

४) गरोदर आणि दूध पाजणाऱ्या माता, वाढती पोरं आणि आधीच बारीक असलेले म्हातारे, यांनी हा धडा आपल्याला लावूच नये. त्यांनी भुकेप्रमाणे पोटभर खावं.

खायचं तेव्हा काय खायचं? आपल्या घरात तर उत्तर रोज येतं. शंभर ग्रॅम रोहूत साधारण शंभर कॅलरी आणि १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, अंगातला मास टिकतो. पण तोच रोहू तेलात बुडवून तळला की हिशोब बदलतो, कारण एका छोट्या चमचाभर तेलातच ४५ कॅलरी. रस्सा करा, तव्यावर कमी तेलात भाजा. वहिनींना विनंती, मासा तोच ठेवा, तेलाची धार बारीक करा.

बारीक आहे म्हणून सुटलो, असं नाही

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला एक गोष्ट दाखवली. २००४ साली लॅन्सेट या मासिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांचे हातपाय बारीक आणि चरबी पोटात लपलेली, म्हणून शुगर आपल्याला कमी वजनातच गाठते.

म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. शिंप्याचा टेप घ्या, श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, त्याच्या वर गेली तर शुगर आणि बीपी तपासून घ्या.

शेवटचं

कोणी म्हणेल, तासभर चालून दीडशेच कॅलरी जातात तर चालायचं कशाला? चाला, जरूर चाला. चालण्याने वजन कमी उतरतं, पण शुगर ताब्यात येते, बीपी सुधारतं, झोप लागते, गुडघे मोकळे राहतात. वजन उतरवायचं मुख्य काम ताटाचं आहे. उतरलेलं टिकवायचं काम चालण्याचं आहे.

१५ ऑगस्टपर्यंत एवढं करून बघू. एका वहीत तीन गोष्टी लिहा : आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कंबर, आणि रोज चालून आल्यावर लगेच काय खाल्लं. समितीच्या ऑफिसात काटा ठेवलाय, टेप पण आहे. कोणाचा आकडा कोणाला सांगणार नाही. तो मावा जलेबीवाला भाऊ पण येणार आहे. जलेबी सोडायला मी त्याला सांगितलं नाही. रविवारी खा, घरच्यांसोबत बसून खा, आवडते म्हणून खा. फक्त चाललो म्हणून खाऊ नकोस, एवढंच सांगितलं.

आपला,
सचिव