पगार कमी, शेअर जास्त: नोकरी घ्यावी का?

प्रश्न: शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो. पुण्यातल्या झपाट्याने वाढणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ऑफर दिली आहे. पगाराचा काही भाग ईसॉपच्या, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काच्या, रूपात आहे. तिथले काही जण कौतुक करतात, काही जण 'येऊ नकोस' म्हणतात. काय करू?
– एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर: दोघंही खरं सांगत असतील. वाढत्या कंपनीत लवकर टीम लीड होता येतं, आणि सर्व्हर बंद पडला म्हणून रात्री अकरालाही फोन येतो. म्हणून तुम्ही ज्या टीममध्ये जाणार, तिथल्याच माणसाला विचारा: वर्षभरात किती जण सोडून गेले? मॅनेजर किती वेळा बदलला? मागितलेली रजा मिळते का?

ईसॉप म्हणजे हातातला पैसा नव्हे. किमान एक वर्ष थांबल्याशिवाय ते शेअर घेण्याचा हक्क मिळत नाही. घेताना सहसा प्राप्तिकर लागतो, आणि कंपनी शेअर बाजारात नसेल तर विकणं अवघड. पुण्यात 1990 मध्ये सुरू झालेली पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी शेअर बाजारात आली ती 2010 मध्ये. खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे रोख पगारात भागत असतील, तरच होकार द्या. नोटीस पिरियड सही करण्याआधीच वाचा.

रुजू झाल्यावर दर महिन्याला पीएफचं पासबुक पाहा. कापलेली रक्कम कंपनीला पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते. ती वारंवार रखडू लागली, तर वेळ न दवडता दुसरी नोकरी शोधा.