तारली कुठे जाते?

पावसाचा जोर ओसरला, की कोकणातल्या बाजारात कोळणीच्या पाटीत रुपेरी पोटाची, निळसर पाठीची तारली दिसू लागते. निदान ज्या वर्षी ती समुद्रात असते, त्या वर्षी तरी दिसते! स्वस्त आणि तेलाने भरलेला हा मासा गरिबाच्या ताटातला. पण तो भारी लहरी आहे. केरळात तारलीला मत्ती म्हणतात. तेथे २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली जाळ्यात आली. २०२१ साली किती आली असेल? अवघी ३,२९७ टन! म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही. आणि गंमत पाहा, २०२२ पासून ती पुन्हा लाख टनांच्या वर गेली.

असे का व्हावे? माणसांनी मासा संपवला म्हणावे, तर तो परत कसा आला? नुसत्या समुद्राला दोष द्यावा, तर आपली हजारो जाळी काय करत होती?

आधी समुद्राचे पाहू. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला साधारण समांतर असा, उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला वळते. येथे उजवा हात म्हणजे खोल समुद्राची बाजू. (नकाशा समोर ठेवून पाहा, म्हणजे पटेल.) वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर गेले, की त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार भरपूर असतात, म्हणजे समुद्राचे खतच म्हणा. वर सूर्यप्रकाश मिळताच या खतावर सूक्ष्म वनस्पतींचे, म्हणजे वनस्पतिप्लवकांचे, उदंड पीक येते. तारली हेच प्लवक गाळून खाते आणि याच दिवसांत अंडी घालते. तारलीचे आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचे. त्यामुळे एक हंगाम बिघडला तरी पुढच्या वर्षी मासा घटतो, आणि चांगला गेला तर तितक्याच झपाट्याने वाढतो. १९४० नंतरच्या काही वर्षांतही तारली अशीच दिसेनाशी झाली होती. चढउतार हा तिचा जुना स्वभावच आहे.

पण आता या स्वभावात नवी भर पडली आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढले. एक अंशाने आपल्याला काय होते, असे तुम्ही म्हणाल. माशाला मात्र होते, कारण त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मिळणारी तारली १९८० नंतर पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागली. चेन्नईजवळ राणी माशाचा अंडी घालण्याचा काळ उन्हाळ्याकडून थंडीच्या महिन्यांकडे सरकल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. केरळातील तारलीच्या घसरणीबद्दल कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मत असे, की आधी बेसुमार मासेमारी झाली आणि त्यातच २०१५ चा एल निनो आला. आधीच अशक्त झालेल्या माणसाला ताप यावा, तसे हे झाले.

मग माणसाच्या हाती काय उरते? समुद्र थंड करणे मच्छीमाराच्या हाती नाही. पिल्ले सोडून देणे आहे. एक हिशेब करू. १० सेंटिमीटरची तारली १५ सेंटिमीटरची झाली, म्हणजे लांबी दीडपट झाली. पण मासा उंचीने आणि जाडीनेही वाढतो. म्हणून वजन १.५ × १.५ × १.५, म्हणजे सुमारे ३.४ पट होते. समजा, वाढताना शंभरातली पन्नास पिल्ले मेली. उरलेल्या पन्नासांचे वजन १७० पिल्लांइतके भरेल! शिवाय तारली पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण १५ सेंटिमीटरची झाल्यावर. केरळ सरकारने २०१५ साली १० सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास बंदी केली. ही मर्यादा मला थोडी कमीच वाटते; पण ज्याचे रोजचे पोट त्या जाळ्यावर आहे, त्याच्याशी कायद्याला तडजोड करावी लागते. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी अशी किमान लांबी ठरवून दिली.

जाळ्याची भोके मोठी केली म्हणजे झाले, असे मात्र नाही. ट्रॉलरच्या ओढत्या जाळ्यात तो उपाय चालतो. त्यातही भोके चौकोनी हवीत; शंकरपाळ्याच्या आकाराची भोके ताण पडताच मिटतात. तारली पकडतात ती तिच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालून. तेथे पिल्लांचा थवा ओळखून जाळे न टाकणे हाच खरा मार्ग.

दुसरा उपाय बंदीचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. आपले कोळी बांधव तर पिढ्यान् पिढ्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी पाण्यात लोटत आले. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. सरकारी बंदी त्याआधी महिनाभर उठली होती. पण राणी माशासारखे इतरांनीही अंडी घालण्याचे महिने बदलले, तर? ठरलेल्या तारखांची बंदी तेव्हा चुकीच्या महिन्यांचे राखण करील. म्हणूनच बाजारातल्या माशांची लांबी मोजणे, पोटात अंडी आहेत का ते पाहणे, हे काम वर्षानुवर्षे न थांबता करावे लागते.

तुम्हीही ते करू शकता. किनाऱ्याजवळ राहत असाल तर फूटपट्टी घेऊन बाजारात जा. कोळणीला विचारून, मगच हात लावा. मुस्काटापासून शेपटीच्या टोकापर्यंत वीस तारल्या मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. दर महिन्याला त्याच जागी, वर्षभर. १५ सेंटिमीटरच्या आतल्या किती निघाल्या, हे आलेखावर मांडून वर्गात लावा.