रस्त्यावरील अवधान

सोलापूर हे विणकरांचे शहर आहे. मागावर चादर विणली जात असताना कामगाराची नजर सतत सुतावर असते. क्षणभर दुर्लक्ष होऊन सूत तुटले, तरी माग थांबवून ते सांधता येते. रस्त्यावर मात्र दुर्लक्षाने घडलेली हानी अशी सांधता येत नाही.

मोबाईल फोन हे अत्यंत उपयुक्त साधन आहे, यात शंका नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्क शहरातील रस्त्यावरून अशा फोनवर पहिले संभाषण केले. पुढे एका वार्ताहराशी फोनवर बोलत त्यांनी रस्ता ओलांडला. ते आपल्या आयुष्यातील अतिशय धोक्याच्या कृत्यांपैकी एक होते, असे त्यांनीच नंतर सांगितले. फोनच्या जनकालाही हा धोका ओळखता आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हा धोका कशामुळे निर्माण होतो? पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. फोनवरील संदेश वाचण्यात चालकाचे तीन सेकंद गेले, तर ६० मीटरचे अंतर तो जणू डोळे मिटूनच कापतो. तेवढ्यात एखादा सायकलस्वार आडवा आला, तर काय होईल? फोन हातात न धरता बोलल्यानेही धोका फारसा टळत नाही. कारण डोळे रस्त्यावर असले, तरी मन संभाषणात गुंतलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वाहन चालवताना फोन वापरणाऱ्यास अपघात होण्याचा संभव सुमारे चौपट असतो.

पायी चालणाऱ्यांनीही सावध असावे. सात रस्ता चौकात वाहने अनेक दिशांनी येतात. तेथे फोनमध्ये मान घालून चालणाऱ्यास वाहन दिसत नाही आणि कानात गाणे वाजत असल्यास भोंगाही ऐकू येत नाही. कोजागरीच्या सुमारास हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात. अशा वाटेवर प्रत्येकाची सावधगिरी इतरांचेही रक्षण करते.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात गणले गेले व त्यास दंड आणि कारावासाची शिक्षा ठरली. परंतु केवळ शिक्षेच्या भीतीने सवयी बदलत नाहीत.

मुलांनो, तुम्ही अद्याप वाहन चालवत नाही. पण वाहन चालवणाऱ्या वडिलांना वा काकांना फोन मात्र करता. त्यांनी तो उचलला नाही, तर रागावू नका; पुन्हा पुन्हा फोन करू नका. त्यांच्याबरोबर प्रवासात असाल आणि फोन वाजला, तर “गाडी बाजूला थांबवून बोला,” असे नम्रपणे सांगा. निरोप थोडा उशिरा मिळाला तरी चालेल. माणूस सुखरूप घरी आला पाहिजे.

स्वाध्याय
१. तीन सेकंदांत मोटार किती अंतर जाते, ते हिशेब करून दाखवा.
२. फोन हातात न धरता बोलल्यानेही धोका का टळत नाही?
३. वाहन चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना मुले कशी मदत करू शकतात?