बंद पडलेला पिकअप ओढून नेताना

वसई-विरार पट्ट्यातील आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची रोजी एका पिकअपवर किंवा छोट्या टेम्पोवर चालते. वालीव, सातिवली, पेल्हारच्या गाळ्यांतला माल मुंबई-अहमदाबाद महामार्गाने याच गाड्या नेतात. गाडी वाटेत बंद पडली की दोर बांधून चारही चाकांवर ती गॅरेजपर्यंत ओढत नेतात. 'गिअर न्यूट्रलला टाका आणि चला', एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे. इंजिनाच्या किरकोळ बिघाडात गिअरबॉक्सचा खर्च वाढतो, तो यामुळेच.

याचे कारण समजून घेऊ. पिकअपला जोर मागच्या चाकांतून मिळतो. गाडी ओढली की ही चाके प्रोपेलर शाफ्ट फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा दांडा फिरवतो. पण इंजिन बंद असल्याने खालचा दांडा थांबलेला असतो. अनेक गिअरबॉक्समध्ये ऑइल वर उडवण्याचे काम याच खालच्या दांड्याचे गिअर करतात. म्हणजे वरचे भाग कोरडे फिरतात, तापतात आणि बेअरिंग जाते. दोन-चार फर्लांगांत काही बिघडत नाही. लांब अंतरावर हमखास धोका आहे.

अमेरिकेत मोटारघराच्या मागे पिकअप चारही चाकांवर शेकडो मैल ओढतात. परंतु ज्या गाडीला कंपनीने तशी परवानगी दिली आहे, तीच. अशा अनेक फोर-व्हील गाड्यांत ट्रान्सफर केस न्यूट्रल करून चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तोडता येतो. आपल्या साध्या पिकअपला ही सोय नाही.

म्हणून लांब जायचे असल्यास आधी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. मग जोडावर खूण करून डिफरन्शिअलकडचे बोल्ट खोलावेत आणि शाफ्ट काढावा किंवा घट्ट वर बांधावा. क्रेनने पुढची चाके उचलली तरी मागची फिरतातच, तेव्हा हीच काळजी तिथेही घ्यावी. ब्रेक किंवा स्टिअरिंग नादुरुस्त असेल, तर गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

दोर बंपरला बांधू नये. चासीच्या हुकाला बांधावा. गायमुखसारख्या उतारावर दोराने बांधलेली मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळू शकते. तिथे लोखंडी दांडाच हवा. चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला लॉक लागते. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर साथ देत नाही आणि पेडल दगडासारखे जड होते. चालवणाऱ्याला हे आधीच सांगावे. माल शक्यतो दुसऱ्या टेम्पोत हलवावा.

१९८९ च्या रस्ता नियमावलीत ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक, दोन गाड्यांत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर, ताशी २४ किलोमीटरची वेगमर्यादा आणि मागे पांढऱ्यावर काळ्या, ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी सांगितली होती. तिच्या जागी २०१७ साली नवी नियमावली आली. तरी ही जुनी शिस्त अंगी बाणवावी अशीच आहे.

विम्याचेही पाहावे. मालवाहू गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत एक बंद गाडी ओढण्याची मुभा असते, मात्र त्यासाठी भाडे घेतलेले नसावे. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या व तिच्यातील मालाच्या नुकसानीची भरपाई ओढणाऱ्याच्या पॉलिसीतून मिळत नाही. वाटेतल्या ट्रकवाल्याला शंभर-दोनशे रुपये देऊन काम भागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. तो गाडीत लिहून ठेवावा. सोबत चांगला दोर, दोन ठोकळे, पाने आणि पाटी ठेवावी. गिअरबॉक्स उतरवावा लागला, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर कित्येक दिवसांचा धंदाही बुडतो. त्यापुढे ही तयारी फार स्वस्त आहे.