मतलई म्हणजे मतलबी नव्हे

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने भूगोलात 'खारे वारे व मतलई वारे' घोकलेले असतात. मीही घोकले. परंतु बेगम बाजारात वाढलेल्या मुलाला समुद्र कोठून दिसणार? आमच्या गल्लीत वारा येतो तो मिरच्यांचा ठसका घेऊन. शिवाय येथे दिवसभर 'मतलब' हा शब्द कानावर पडतो. तेव्हा स्वतःच्या मतलबासाठी समुद्रावरून जमिनीकडे धावतो तो मतलई, अशी माझी ठाम समजूत झाली. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला मी तसेच शिकवले. तिने परीक्षेत तेच लिहिले आणि गुण गमावले. "दादा, तूच सांगितलं होतंस ना?" एवढेच ती म्हणाली. म्हणून मी हा शब्द नव्याने शिकलो.

मतलई वारा म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. दिवसा जमिनीवरील हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि वारा उलट फिरतो. हाच मतलई. तो खाऱ्या वाऱ्यापेक्षा मंद असतो. निरभ्र, थंड रात्री तो चांगला जाणवतो. पावसाळ्यात नैऋत्येच्या जोरापुढे त्याचे काही चालत नाही.

मग गोंधळ का होतो? बसच्या पाटीवर ती जेथे जाणार त्या गावाचे नाव असते. मी वाऱ्याला बस समजलो. वास्तविक वाऱ्याची रीत मालासारखी आहे. गुंटूरची मिरची, निजामाबादची हळद बेगम बाजारात उतरली तरी नाव मूळ गावाचेच राहते. तसेच पश्चिमी वारे पश्चिमेकडून येतात, खारे वारे खाऱ्या पाण्यावरून.

दुसरी एक चूक टाळली पाहिजे. कोकणात जमीन पूर्वेला, म्हणून तेथे मतलई पूर्वेकडून येतो. पण मतलई म्हणजे पूर्वेचा वारा नव्हे. गोवळकोंड्याचे जुने बंदर मछलीपट्टण पूर्व किनाऱ्यावर. तेथे हाच वारा पश्चिमेकडून येईल. हा शब्द दिशा सांगत नाही, जमीन सांगतो.

शिडाच्या होड्यांच्या काळी या शब्दावर पोट अवलंबून होते. कोळी पहाटे मतलईवर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत. इंधन फुकट, पण वेळ चुकली की वल्ही मारत बसा! वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. दूरच्या व्यापारी जहाजांचा हिशेब तर ऋतूंचा होता. 'मोसमी' वारे आणि आपण हैदराबादकर रोज बोलतो तो 'मौसम' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज आहेत. त्याचा मूळ अर्थ ऋतू, ठरलेली वेळ.

आमची आई कन्नड. तिच्या भाषेत वारा म्हणजे 'गाळी'. मराठीत गाळी म्हणजे शिव्या! दोन भाषांच्या घरात केवळ आवाजावरून अर्थ लावू नये हे मला आधीच कळायला हवे होते.

यंदा बहिणीची उजळणी घेताना मी व्याख्या सांगितली नाही. फक्त विचारले, "माल कुठला?" ती म्हणाली, "जमिनीचा." तिचे गेलेले गुण काही परत येणार नाहीत, निदान माझी चूक आता तिच्या वहीत उरलेली नाही.