घरबांधणीचा ठेका : करारापूर्वीची दक्षता

स्वतःचे घर बांधणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा खर्च असतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज, प्रसंगी घरातील दागिने मोडून आलेला पैसा, असे सारे त्यासाठी एकत्र केले जाते. बैल घेताना दात पाहणारा आणि जमीन घेताना सातबारा तपासणारा मनुष्यही ही सगळी पुंजी मात्र ठेकेदाराच्या हाती केवळ तोंडी बोलण्यावर सोपवतो. पुढे काम रखडले, दरावरून वाद झाला किंवा पहिल्याच पावसात स्लॅब गळू लागला, म्हणजे काय ठरले होते हे सिद्ध करण्यास कोणतेच साधन उरत नाही. म्हणून ठेका देण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

परवाना कशाचा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरबांधणी करणाऱ्या ठेकेदारास राज्य मंडळाचा परवाना घ्यावा लागतो. हे मंडळ १९२९ साली स्थापन झाले. तेथे घरदुरुस्तीच्या करारात सर्वसाधारणपणे करारमूल्याच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी असेल, तिच्याहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात खाजगी घर बांधणाऱ्या ठेकेदारासाठी असा राज्यव्यापी परवाना नाही.

त्यामुळे ठेकेदार जे कागद दाखवतो, त्यांचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते. सार्वजनिक बांधकाम विभाग ठेकेदारांची वर्गवारीनुसार नोंदणी करतो. परंतु ती शासकीय कामांच्या निविदांसाठी असते. वस्तू व सेवा कराची नोंदणी करभरणेसाठी असते. तीवरून बांधकामाचे कौशल्य ठरत नाही. २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांची अर्हता सांगितली आहे. वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्यानुसार होते. या व्यक्ती नकाशा, संरचना आणि देखरेख यांची जबाबदारी घेतात. ठेकेदार हा त्यांहून वेगळा असतो.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याविषयीही गैरसमज आढळतो. त्या कायद्याचे संरक्षण विकासकाकडून सदनिका, भूखंड वा इमारत विकत घेणाऱ्यास आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकरवी घर बांधून घेणारा त्यात येत नाही. त्याच्यासाठी लेखी करार आणि कामाची मोजणी हेच मुख्य संरक्षण होय.

ठेकेदाराची पारख

ठेकेदाराने पूर्ण केलेली किमान तीन घरे प्रत्यक्ष पाहावीत. त्यांतील एक तरी तीन-चार पावसाळे काढलेले असावे. नव्या रंगाखाली दोष झाकले जातात; ओल, भेगा व गळती मात्र काही पावसाळ्यांनंतर दिसू लागतात. काम ठरलेल्या मुदतीत झाले काय, शेवटचा हिशेब वाद न होता मिटला काय, हे त्या घरमालकांस विचारावे. एकाच वेळी किती कामे चालू आहेत, हेही पाहावे. एका घरासाठी घेतलेली आगाऊ रक्कम दुसऱ्या घरावर खर्च होऊ लागली, की काम रखडण्यास तेथूनच आरंभ होतो.

ठेक्याचे प्रकार

घरबांधणीचे ठेके मुख्यतः दोन प्रकारचे असतात. मजुरीच्या ठेक्यात सिमेंट, लोखंड, वाळू, विटा इत्यादी साहित्य मालक पुरवतो व ठेकेदार गवंडी, बिगारी व सेंट्रिंगची व्यवस्था पाहतो. साहित्याच्या प्रतीवर यात मालकाचे नियंत्रण राहते. मात्र नासाडी व चोरीवर त्यालाच लक्ष ठेवावे लागते. साहित्यासह ठेक्यात सर्व भार ठेकेदारावर असतो. त्यात प्रत्येक साहित्याची प्रत लेखी नमूद केली नसेल, तर खर्चाची काटकसर प्रतीवर होण्याचा संभव असतो.

दोन्ही प्रकारांत दर बहुधा चौरस फुटावर ठरतो. परंतु कोणते क्षेत्र मोजावयाचे, हे ठरत नाही. समजा, घराचे जोत्यावरील क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि दर १,५०० रुपये ठरला आहे. मालकाच्या हिशेबाने खर्च ९ लाख रुपये होतो. ठेकेदाराने सज्जे, जिना व पोर्च धरून ७५० चौरस फूट मोजले, तर तोच खर्च ११ लाख २५ हजार रुपये होतो. सव्वादोन लाखांचा हा फरक एका वाक्याने टाळता येतो. कोणता भाग पूर्ण, कोणता निम्मा धरावयाचा व कोणता वगळावयाचा, हे नकाशावर खूण करून करारास जोडावे.

करारातील आवश्यक बाबी

करार योग्य मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमक्ष करावा. मंजूर नकाशा व अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक त्यास जोडावे. गावठाणातील बांधकामास ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते; ती हाती येण्यापूर्वी काम सुरू करू नये. करारात पुढील बाबी असाव्यात :

१. कामाची व्याप्ती, विशेषतः पाण्याची टाकी, शौचालयाचा शोषखड्डा, वीजजोडणीची नळी व कुंपण यांपैकी काय समाविष्ट आहे आणि काय नाही.
२. सिमेंट, लोखंड, विटा, फरशी, दारे-खिडक्या यांची प्रत व भारतीय मानक चिन्हाची अट.
३. काम सुरू व पूर्ण होण्याची तारीख आणि विलंबाबद्दल द्यावयाची भरपाई.
४. वाढीव कामाचा दर. असे काम लेखी मान्यतेखेरीज करू नये.
५. मजुरांच्या अपघात विम्याची जबाबदारी.
६. काम पूर्ण झाल्यानंतर दोष दुरुस्त करून देण्याचा कालावधी.

हप्ते कामामागून

फसवणुकीचे मूळ बहुधा पैसे कामापुढे जाण्यात असते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्यास रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार, कामाची पाहणी करून दिली जाते. खाजगी घरासही हेच तत्त्व लागू करता येते. उदाहरणार्थ, करारमूल्याची विभागणी अशी करता येईल : आगाऊ १० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर १५, लिंटेलपर्यंत भिंती झाल्यावर २०, स्लॅब झाल्यावर २५, गिलावा व फरशीनंतर १५ आणि ताबा देताना १० टक्के. उरलेले ५ टक्के एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावेत. प्रत्येक हप्ता बँकेमार्फत द्यावा व पावती घ्यावी.

देखरेखीची काही मोजमापे

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदांचा भार हे त्या हानीचे एक प्रमुख कारण होते. भिंती एकमेकींशी बांधलेल्या असाव्यात, हा त्यातून मिळालेला धडा आहे. त्यासाठी लिंटेलच्या पातळीवर लोखंडी सळ्यांचा सलग काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून फिरवावा. तो केवळ दारे-खिडक्यांवर तुटक घालून उपयोग नाही.

काँक्रीटमध्ये पाणी जादा घातले, की काम सोपे होते. पण मजबुती घटते. सौम्य हवामानातील सळईयुक्त काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ पेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक ४५६ मध्ये सांगितले आहे. म्हणजे ५० किलोच्या पोत्यास सुमारे २७ लिटर पाणी पुरे, आणि त्यातही ओल्या वाळूतील पाणी धरावयाचे. त्याच मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंट असल्यास किंवा हवा उष्ण व कोरडी असल्यास किमान १० दिवस पाणी मारावे लागते. साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवसांपूर्वी व त्याहून मोठ्या स्लॅबखालील १४ दिवसांपूर्वी काढू नयेत. सेंट्रिंगचे साहित्य दुसरीकडे हवे म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई होते. तेथे मालकाने ठाम राहावे. स्लॅब टाकण्याच्या दिवशी अभियंता हजर असावा व काँक्रीट ओतण्यापूर्वी त्याने सळ्यांची तपासणी केलेली असावी.

तंटा उद्भवल्यास

प्रथम दोषांची यादी करून, छायाचित्रांसह ठेकेदारास लेखी नोटीस द्यावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करारभंगाबद्दल भरपाई मागता येते. घरबांधणी ही सेवा असल्याने सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारात येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. लेखी करार, पावत्या व मोजमापाची नोंदवही असेल, तरच तक्रार सबळ ठरते.

गावपातळीवरील कार्य

या कामी पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सोप्या मराठीतील नमुना करार ग्रामपंचायत कार्यालयात ठेवावा. बांधकाम परवानगी घेण्यास आलेल्या प्रत्येकाच्या हाती तो द्यावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवावा. प्रामाणिक ठेकेदारासही अशा कराराचा लाभच होतो, कारण केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळण्याचा आधार त्याला त्यातून मिळतो. परवानगीच्या कागदासोबत कराराचा कागदही घरोघरी पोहोचला, तर अनेक कुटुंबांची पुंजी सुरक्षित राहील आणि गावातील घरे अधिक मजबूत होतील.